भेंडीचा केवडा आणि दाखल्यावरची वेलांटी

गेल्या उन्हाळ्यात आमचे मामा गावाहून आले. मामा आले की पिशवीत ताजी भेंडी असायचीच. या वेळी पिशवीत भेंडीची पाने होती. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली ती पाने त्यांनी पाणी पिण्याआधीच आमच्यासमोर उलगडली. पानांच्या शिरा हळदीने रंगवाव्यात तशा पिवळ्या आणि शिरांच्या मधला भाग तेवढा हिरवा. शेंड्याची कोवळी पाने तर अख्खीच पिवळी. सोबत चार भेंड्या होत्या. आखूड, फिकट आणि हाताला टणक.

"केवडा पडला," मामा म्हणाले. "वीस गुंठं भेंडी होती. मामीनं बचत गटातून पैसे उचलून लावली होती. दुकान तेच, बी तेच. पुडीवर केवड्याला दाद देत नाही असं छापलेलं. तीन वर्षं एक पान पिवळं पाहिलं नाही, आन् औंदा सगळं रान हळदीचं झालं. तू शिकलेला माणूस, दुकानदारावर चांगला कडक अर्ज लिहून दे."

गावात कोणी म्हणाले नजर लागली. ते मामांनी हसून सोडून दिले होते. दुकानदाराने फसवले, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनात पक्की बसली होती.

वाचक बंधु-भगिनींनो, आम्ही कारकून माणूस. शिक्षण बी. कॉम.; विज्ञानाचा संबंध दहावीपर्यंतच आला. पण अर्ज लिहिण्याआधी खरे काय घडले ते समजून घ्यावे, ही आमची जुनी सवय. म्हणून आम्ही चार दिवस मागून घेतले, कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या वस्तीतल्या एका मुलाला गाठले, पुस्तके चाळली. जे समजले ते सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे. ज्यांची गावाकडे गुंठाभर जमीन आहे त्यांच्या, आणि जे फक्त बाजारातून पाव किलो भेंडी आणतात त्यांच्याही.

आधी घरातल्या भगिनींची शंका दूर करू. अशी पिवळी भेंडी खाल्ली तर काही होते का? नाही. हा झाडांचा विषाणू आहे, माणसाला त्याचा आजार होत नाही. भेंडी निबर लागेल, एवढेच. नुकसान होते ते पिकवणाऱ्याचे, कारण असा माल बाजारात कोणी उचलत नाही.

भेंडीचा हा रोग आजचा नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ सालीच झालेली आहे. शेतकरी त्याला केवडा म्हणतात, कुठे हळद्या म्हणतात. तो पसरवते पांढरी माशी. रोगट झाडाचा रस शोषून ती निरोगी झाडावर बसते आणि सोंडेतून विषाणू तिथे पोचवते. मदुराईच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की हा विषाणू एकटा नसतो. त्याच्यासोबत एक छोटा साथीदार असतो आणि दोघे मिळून पाने पिवळी करतात. विषाणूचा सगळा मजकूर म्हणजे जेमतेम २,७०० अक्षरे, साथीदाराचा त्याच्या निम्मा. माणसाच्या शरीराचा मजकूर ३०० कोटी अक्षरांचा आहे. म्हणजे या शत्रूचे सगळे शास्त्र आपल्या या लेखाएवढ्या जागेत मावेल!

एवढ्याशा मजकुराने वीस गुंठे रान कसे हरवले? तेही पूर्वी न हरलेले रान? याचे उत्तर नकलेत आहे, आणि नक्कल हा तर आम्हा कारकुनांचा रोजचा धंदा.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. मुलाचे नाव 'सुनील'. शाळेत नाव घालताना कोणी तरी वेलांटी ऱ्हस्व काढली आणि 'सुनिल' लिहिले. शाळेत त्याने काही बिघडत नाही. गुरुजी हाक मारतात, पोरगा 'हजर' म्हणतो. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच ऱ्हस्व वेलांटी उतरते. दाखल्यावरून पुढचे सगळे कागद होतात आणि प्रत्येकात ती चूक जाते. एक दिवस शिष्यवृत्तीचे पैसे यायचे असतात आणि बँकेत फॉर्म अडतो, कारण तिथे 'सुनील' दीर्घ आहे. पण उलटही होते. दुसऱ्या एखाद्या कार्यालयात आधीपासून चुकीचेच नाव चढलेले असते. तिथे शुद्ध कागद परत येतो आणि चुकीचा कागद मात्र पहिल्या फेरीत पास होतो. चूक तीच. कुठे ती आडवी येते, कुठे चालून जाते, तर कुठे तिचाच फायदा होतो. चूक कोणती ते लिहिणाऱ्याच्या हातून घडते. ती टिकणार की नाही हे समोरचे कार्यालय ठरवते.

विषाणूचे अगदी असेच असते. एका पानात त्याच्या असंख्य नकला होतात आणि नकला होताना अक्षरे चुकतात. काही विषाणूंच्या नकलेला तर तपासणाराच नसतो. लिहिले ते लिहिले. भेंडीच्या विषाणूची नक्कल झाडाच्या स्वतःच्या यंत्रणेकडून होते, म्हणून पूर्वी वाटत असे की तो सावकाश बदलत असेल. पण त्याच्याच कुळातल्या टोमॅटोच्या एका विषाणूचा बदलण्याचा वेग २००८ साली संशोधकांनी मोजला, तेव्हा तोही तपासणी नसलेल्या विषाणूंइतकाच झपाट्याने बदलताना आढळला. म्हणून 'झाडाला एक विषाणू झाला' असे आपण म्हणतो ते बोलण्यापुरते. झाडात खरे तर असते एकमेकांशी जवळपास सारख्या, पण कुठे ना कुठे वेलांटी वेगळी असलेल्या नकलांची गर्दी.

आता ही गर्दी एका झाडातून दुसऱ्या जातीच्या झाडात गेली की काय होते? दुसरे झाड म्हणजे दुसरे कार्यालय. भेंडीत जी नक्कल पुढे होती ती तिथे मागे पडू शकते आणि कोपऱ्यात पडलेली एखादी नक्कल तिथे साहेब होते. अमेरिकेत मॅरिलिन रूसिंक या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली काकडीच्या मोझॅक विषाणूवर हे तपासले. हा विषाणू हजाराहून जास्त प्रकारच्या झाडांत राहू शकतो. जळगावकडे केळीवर येणारा हरण्या तो हाच. एकाच मूळ प्रतीपासून सुरुवात करून त्यांनी तो वेगवेगळ्या झाडांत वाढवला आणि किती फरक साठले ते मोजले. प्रत्येक झाडात फरकाचे प्रमाण वेगळे निघाले. बीज एक, पण घर बदलले की गर्दीचे रूप बदलते.

त्यांच्याच गटाने २००४ साली आणखी एक गोष्ट दाखवली. विषाणूच्या खुणा केलेल्या १२ नकला त्यांनी तंबाखूच्या एकाच रोपाला लावल्या. लावलेल्या पानात सगळ्या होत्या. पण विषाणू वरच्या पानांपर्यंत चढला तेव्हा त्यातल्या काहीच पोचल्या, आणि एका रोपात ज्या पोचल्या त्याच दुसऱ्या रोपात पोचल्या असेही नव्हते. २००६ साली त्यांनी मावा किडीकडून हाच विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेऊन पाहिला. तिथेही नकलांची संख्या घटली. संध्याकाळी लोकल फलाटावर येते, गर्दी शेकड्यांची असते आणि दारातून आत शिरतात ते दहा-बारा. ते सगळ्यात लायक असतात असे नाही. दारापाशी उभे होते इतकेच. पण पुढच्या स्टेशनावर जो डबा पोचतो तो त्यांचाच असतो.

म्हणजे विषाणू बदलतो तो अशा रीतीने : नकलेत चुका होतात, अरुंद दारातून थोडेच पुढे जातात आणि नवे घर त्यांतले कोण टिकणार ते ठरवते. यात विषाणूची हुशारी नाही, कोणाचा कोप नाही आणि कोणाची नजर नाही.

आपल्याच देशातल्या एका विषाणूची गोष्ट ऐका. दिल्लीकडच्या टोमॅटोत पाने वळवणारा एक विषाणू सापडला. १९९५ साली त्याचे सगळे अक्षर वाचून प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावातच नवी दिल्ली आली. टोमॅटोवरून तो बटाट्यात, भेंडीत, भोपळावर्गी वेलांवर दिसू लागला. २०१२ साली तो थेट युरोपात, स्पेन देशात झुकिनी नावाच्या भोपळ्याच्या भाईबंदावर निघाला. तिथल्या संशोधकांनी ठिकठिकाणचे नमुने तपासले तेव्हा ते एकमेकांशी फार सारखे निघाले. म्हणजे दारातून आत शिरलेले थोडेच होते. आणि गंमत अशी की हा स्पेनमधला प्रकार भोपळा-काकडीच्या कुळात जोरात वाढतो, पण टोमॅटोत मात्र नीट जम बसवत नाही. ज्या टोमॅटोवरून त्याला नाव मिळाले त्याच घरात तो पाहुणा झाला! एका घरी पक्के बस्तान बसले की दुसऱ्या घरी अवघडल्यासारखे होते, हे माणसांनाच लागू आहे असे नाही.

बदलाचा आणखी एक मार्ग आहे आणि तो वेलांटीपेक्षा मोठा आहे. एकाच झाडात दोन वेगळे विषाणू एकत्र आले, तर नक्कल होताना एकाचे अर्धे पान आणि दुसऱ्याचे अर्धे पान जोडले जाऊन तिसराच कागद तयार होतो. कार्यालयात दोन फायलींची पाने एकत्र शिवली गेली की काय गोंधळ होतो हे आम्ही पाहिले आहे. आफ्रिकेतल्या युगांडा देशात असा गोंधळ लाखो लोकांच्या ताटापर्यंत पोचला.

युगांडात गरिबांचे अन्न म्हणजे कसावा. ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तोच हा कंद. १९८८ च्या सुमारास तिथल्या कसाव्यावर फार तीव्र मोझॅक रोग आला आणि वर्षागणिक पुढे सरकत गेला. शेतकऱ्यांनी शेतेच्या शेते सोडून दिली. पूर्व भागात अन्नाचा तुटवडा झाला, लोक उपाशी मेले. १९९७ साली कारण सापडले. आफ्रिकेत कसाव्याचे दोन विषाणू आधीपासून होते. त्यांतल्या एकाच्या मजकुरात दुसऱ्याचा तुकडा शिवला जाऊन नवा प्रकार तयार झाला होता. हा नवा आणि जुना असे दोघे एकाच झाडात आले की झाड पार खुरटत असे. पुढे रोगाला दाद न देणाऱ्या जाती आणून वाटण्यात आल्या आणि कसावा पुन्हा उभा राहिला. पण २००४ नंतर तिथे दुसऱ्याच कुळातल्या विषाणूचा रोग पसरला. तो कंद आतून तपकिरी करून सडवतो, आणि मोझॅकला न हरलेल्या जातीही त्याच्यापुढे हरल्या.

आता पुन्हा मामांच्या वीस गुंठ्यांत येऊ. भेंडीच्या बाबतीत आपल्याकडे हेच दोनदा घडलेले आहे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने १९६० च्या सुमारास 'पुसा सावनी' हे वाण दिले. त्या वेळी ते केवड्याला दाद देत नसे, म्हणून देशभर लागले. काही वर्षांनी तेच पिवळे पडू लागले. मग परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर रानातल्या भेंडीशी केला. रानटी झाडातली ताकद खाण्याच्या भेंडीत आणायला त्यांना पिढ्यांमागून पिढ्या निवड करावी लागली. त्यातून १९८५ साली 'परभणी क्रांती' आली. आपल्यापैकी पुष्कळांच्या शेतात ती आली असेल, ताटात तर नक्कीच आली आहे. मराठवाड्यासारख्या भागातल्या विद्यापीठाने देशाला दिलेले हे वाण, त्याचा अभिमान वाटावा असेच काम ते होते. पण पुढे अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. दरम्यान देशातल्या भेंडीवरचे विषाणू तपासले गेले, तेव्हा त्यांत बरेच प्रकार निघाले आणि कितीतरी एकमेकांचे तुकडे शिवलेले निघाले.

म्हणजे ते वाण खोटे होते का? मुळीच नाही. वाणाने दार बंद केले होते ते त्या वेळच्या गर्दीसाठी. गर्दी रोज नव्या नकला करते. एकच वाण सगळीकडे, सालोसाल लागले की लाखो झाडे म्हणजे एकाच कुलपाची लाखो दारे. एखाद्या नकलेची वेडीवाकडी किल्ली त्या कुलपाला लागली की तिच्यासाठी सगळीच दारे उघडतात. म्हणून पुडीवर 'केवड्याला दाद देत नाही' असे छापलेले असले तरी मनात पुढचे शब्द जोडून वाचावेत : 'अजून तरी'.

आम्ही हे सगळे मामांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "मग दुकानदार सुटला म्हण की?"

प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, "मामा, तो सुटला असंही नाही आणि सापडला असंही नाही. पुडीत दुसरंच बी भरलं असेल तर तो दोषी. बी खरं असेल आणि विषाणू बदलला असेल तर त्याला बोल लावून आपल्याला काही मिळणार नाही. कोणतं खरं, हे आधी तपासून घेऊ." मग आम्ही अर्ज लिहिला, कडक नाही, पण नेमका. तालुका कृषी अधिकाऱ्यांना विनंती केली की शेताची पाहणी करावी आणि वाण पुडीवर लिहिलेलेच आहे का ते तपासावे. मामांनी पावती जपून ठेवली होती हे फार बरे झाले. पुडी मात्र चुलीत गेली होती.

यावरून जे शिकलो ते सांगतो.

बियाण्याची पावती, रिकामी पुडी आणि चिमूटभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रारीला तोच पुरावा.

दुकानात वाणाचे नाव विचारताना सोबत हेही विचारा की हे वाण आपल्या तालुक्यात किती वर्षे लागते आहे आणि गेल्या वर्षी त्यावर केवडा दिसला का. दुकानदारापेक्षा शेजारच्या शिवारातला शेतकरी याचे खरे उत्तर देईल.

पहिले पिवळे झाड दिसले की त्याच दिवशी उपटा आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करा. एक झाड वाचवायला गेलो तर नकलांचा कारखाना चालू राहतो. बांधावरचे भेंडीच्या कुळातले तणही काढा. शेतात भेंडी नसते त्या महिन्यांत विषाणूचा मुक्काम तिथे असतो.

भेंडीवर भेंडी घेऊ नका, मध्ये वेगळ्या कुळाचे पीक घ्या. कडेने मक्याच्या दाट ओळी आणि मध्ये पिवळे चिकट सापळे लावले तर पांढरी माशी बरीच अडते. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारू नका. माशीही त्याला सरावते. तिथेही तीच नकलेची आणि निवडीची गोष्ट आहे. आणि झाड एकदा पिवळे झाले की कोणतेही औषध त्याला बरे करत नाही. 'व्हायरसवर रामबाण' म्हणून बाटली विकायला कोणी आला तर पैसे खिशातच ठेवा.

मामा परत गेले. त्या आठवड्यात त्यांनी आणि मामीने मिळून सगळी रोगट झाडे उपटली. पाहणी झाली, अहवाल यायचा आहे. बचत गटाचे हप्ते मामी मजुरीला जाऊन फेडते आहे. त्या बायांनी तिला दोन महिन्यांची सवलत दिली, हे मुद्दाम नोंदवतो. खरीपात त्या तुकड्यात मूग घेतला. पुढच्या वेळी भेंडी लावायची ठरली तर अर्ध्या रानात एक वाण आणि अर्ध्यात दुसरे लावायचे, असे मामांनी स्वतःच ठरवले आहे. सगळी दारे एकाच कुलपाची नकोत, हे त्यांनी आमच्यापेक्षा लवकर ओळखले.

परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "त्या पोराच्या दाखल्यावरची वेलांटी झाली का नीट?" उदाहरणातला सुनील मामांना खराच वाटला होता. आम्ही म्हणालो, "मामा, ते नुसतं उदाहरण होतं." तेव्हा पलीकडून उत्तर आले, "उदाहरण असंल. पण आपल्या धाकट्याचा दाखला एकदा काढून बघ."

आम्ही काढून पाहिला. वेलांटी चुकलेली होती.